पेढा की बर्फी?

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादक बहुधा एक सूचना करतात, "मास्तर, सणाचे दिवस आहेत, काही प्रसन्न लिहा." ही सूचना मी आजवर पाळीत आलो. कादंबऱ्यांतून माणसे मारली असतील. पण दिवाळी अंकात मी कोणाच्या बोटाला सुईसुद्धा टोचू दिली नाही. यंदा मात्र फराळाच्या ताटाशेजारी भांडण मांडून बसलो आहे. हे भांडण वाचकांशी आहे, आणि त्याआधी माझ्या स्वतःशी आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचले तरी चालेल. पण वाचून झाल्यावर घरात पोटुशी सून, लेक, बहीण, भावजय जी कोणी असेल तिच्या पायांकडे आणि बोटांकडे एकवार नीट पाहावे, एवढी कृपा करावी.

भांडण एका प्रश्नावरून आहे. सातव्या महिन्यात आपण डोहाळजेवण करतो. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, फुलांचे दागिने, फुलांनी मढविलेला झोपाळा. ओटी भरतात, गाणी होतात, आणि शेवटी ती दोन झाकलेल्या वाट्यांची गंमत. एकीत पेढा, एकीत बर्फी. गर्भारणीने एक वाटी उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळ म्हणून सोडून देता आले असते. पण पेढा निघाला की टाळ्या पडतात, आणि बर्फी निघाली की कोणीतरी मायेने म्हणते, "असू दे, लक्ष्मी येईल." हे "असू दे" कोणी पेढ्याला म्हटलेले मी अजून ऐकलेले नाही.

२०१६ साली माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचे पहिले डोहाळजेवण झाले. मामाचा मान म्हणून मी कळसाडीहून मुद्दाम गेलो. पोरगी झोपाळ्यावर बसली होती. चेहरा भरलेला, पाय सुजलेले. मला जवळ बोलावून म्हणाली, "मामा, ही अंगठी निघत नाही बोटातून." मी म्हटले, "निघायला कशाला हवी? जावईबापूंनी पक्की बसविली आहे." सगळे हसले. एका म्हातारीने आमच्या अहिराणी बोलीत निकालच देऊन टाकला, "पाय सुजनात, पोऱ्याच शे!" पुन्हा हसे झाले.

त्याच खोलीत खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती. तिच्यात पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीचा कागद होता. तो हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला. काळ्या-पांढऱ्या चित्रात बाळाचे तोंड बाजूने दिसत होते. मी चष्मा सावरून म्हटले, "नाक आमच्या घराण्याचे दिसते." चित्राखाली इंग्रजीत आठ-दहा ओळी होत्या. मी मॅट्रिकपुढे गेलेला माणूस नाही. तरी त्या ओळी शब्दकोश घेऊन लावता आल्या असत्या, निदान कोणा जाणत्याला विचारता आल्या असत्या. आयुष्यभर पोरांना "वाचा, नीट वाचा" म्हणून ओरडणाऱ्या या मास्तराने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि वाट्यांकडे तोंड फिरविले.

पेढा निघाला.

अकराव्या दिवशी तिचे डोके दुखू लागले. डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, बरगडीखाली कळ येऊ लागली. घरच्यांनी पित्त म्हटले आणि मोरावळा दिला. संध्याकाळी दवाखान्यात नेले तेव्हा रक्तदाब १७० आणि ११० होता. बाळाचे ठोके ऐकण्यासाठी यंत्र लावले. ते गप्प होते. ती रात्र डॉक्टरीणबाईंनी आईला वाचविण्यात घालविली. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमची इंजेक्शने दिली, रक्तदाब खाली आणला. आई वाचली. बाळ तिसऱ्या दिवशी निजलेल्या मुलासारखे बाहेर आले. मी त्याला फडक्यात पाहिले. नाकाकडे पाहण्याचा धीर झाला नाही.

मग त्या बाईंनी पिशवीतला कागद काढला आणि आम्हा सगळ्यांना मराठीत वाचून दाखविला. गर्भाशयाला रक्त पुरविणाऱ्या दोन्ही धमन्यांत अडथळा अधिक आहे. रक्तदाबावर लक्ष ठेवावे. २८ व्या आठवड्यात डॉप्लरसह पुन्हा तपासणी करावी. अठ्ठाविसावा आठवडा म्हणजे ज्या आठवड्यात आम्ही तिला झोपाळ्यावर बसविले, तोच. "वाचलेच असते असे मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या, "पण लढता आले असते."

तो कागद काय सांगत होता हे समजून घ्यायला मला पुढे वर्ष लागले. विचारून विचारून जे कळले ते मास्तराच्या भाषेत मांडतो.

नंदुरबारच्या स्टेशनावर उभे राहून न थांबता जाणारी गाडी कधी ऐकावी. गाडी जवळ येत असते तेव्हा तिच्या भोंग्याचा सूर चढा असतो, आणि समोरून निघून गेली की तोच सूर एकदम उतरतो. भोंगा बदललेला नसतो आणि आपला कानही. गाडीची दिशा तेवढी बदललेली असते. ऑस्ट्रियाच्या ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ साली प्रागमध्ये हे तत्त्व मांडले, तेही ताऱ्यांच्या रंगांविषयी बोलताना. तीन वर्षांनी हॉलंडातील बाईस बॅलट यांनी आगगाडीत तुतारी वाजविणारे बसविले, रुळांशेजारी सुरांचे जाणकार उभे केले, आणि ते खरे करून दाखविले. पुढे ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी, कारखान्यात पोलादातील भेगा शोधणारे ध्वनियंत्र पाहून, तशाच यंत्राने स्त्रीच्या पोटात पाहिले आणि १९५८ साली त्याचा वृत्तांत छापला. तीच आपली सोनोग्राफी. १९७७ साली डब्लिनच्या दोघा संशोधकांनी या दोन विद्यांची गाठ गर्भाच्या नाळेशी घातली: कानाला ऐकू न येणारा ध्वनी नाळेतल्या रक्तावर सोडायचा, परत आलेला सूर किती चढला की उतरला ते मोजायचे, आणि त्यावरून रक्त कोणत्या दिशेने कसे वाहते ते ओळखायचे. पडद्यावर तांबडा आणि निळा रंग दिसतो तो याचाच. पुष्कळांना वाटते की तांबडे ते शुद्ध रक्त आणि निळे ते अशुद्ध. तसे काही नाही. यंत्राकडे येते ते बहुधा तांबडे दाखवितात, दूर जाते ते निळे. येणारी गाडी आणि जाणारी गाडी, एवढेच.

आता हे वाहणे इतके महत्त्वाचे का? पोटातले बाळ आपल्यासारखा श्वास घेत नाही, घास गिळून पोट भरत नाही. त्याचे दोन्ही व्यवहार वारेतून चालतात. बाळाचे हृदय नाळेतल्या दोन धमन्यांतून रक्त वारेकडे ढकलते. तेथे ते आईच्या रक्ताच्या शेजारून जाते, प्राणवायू आणि अन्न घेते, आणि नाळेतल्या एका शिरेतून परत येते. आईच्या बाजूनेही तयारी लागते. पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयातील तिच्या बारीक धमन्या रुंद आणि सैल होतात. आमच्या तापीकाठच्या शेतकऱ्याला सांगायचे तर चारीचा पाट होतो. काही बायकांत हे रुंदावणे अर्धवट राहते. मग पाणी जोराने येते पण थोडे येते; वार उपाशी राहते, बाळाची वाढ खुंटते, आणि आईचा रक्तदाब चढू लागतो. पाचव्या महिन्यातला आमचा कागद या अरुंद चारीची वार्ता देत होता.

नाळेतला प्रवाह याहूनही बोलका असतो. हृदयाचा ठोका पडला की रक्त वारेकडे जाते. पण दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणातही ते पुढे सरकत राहिले पाहिजे. वारेतला अडथळा वाढला की मधल्या क्षणातला ओघ मंदावतो. आणखी वाढला की तो थांबतो. त्याहून वाढला की रक्त चक्क मागे फिरते. पुढे गाळ साचला म्हणजे पाटाचे पाणी मागे फुगते, ते ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. आणि या टंचाईत ते एवढेसे बाळ काय करते? हातापायांचे, आतड्यांचे रक्त तोडून मेंदूला देते. दुष्काळात घरची बाई स्वतः पाणी पिऊन निजते आणि भाकरी पोरांच्या ताटात टाकते, तसे. मेंदूच्या धमनीवर यंत्र ठेवले की ही काटकसर दिसते. जन्माला न आलेला जीव पोटातून सांगत असतो, "मी अडचणीत आहे." आणि बाहेर आपण वाट्या मांडून विचारीत असतो, "तू पेढा की बर्फी?"

यंत्र बाळाला पोसत नाही, हेही सांगितले पाहिजे. अरुंद धमनी रुंद करणारे औषध सातव्या महिन्यात कोणापाशी नाही. डॉप्लर वेळ सांगते. आईला केव्हा दवाखान्यात ठेवायचे, बाळाची फुप्फुसे पक्की व्हावीत म्हणून इंजेक्शने केव्हा द्यायची, आणि पोटात राहणे हे बाहेर येण्याहून धोक्याचे केव्हा झाले, हे ठरविण्याला ते आधार देते. आम्हाला ती वेळ कागदावर लिहून मिळाली होती. आम्ही ती पिशवीत ठेवली.

कोणी म्हणेल, मास्तर, एका घराच्या निष्काळजीपणावरून साऱ्या समाजाला का झोडता? झोडतो, कारण तो प्रश्न आमच्या एका घरचा नव्हता. महाराष्ट्रात गर्भाची तपासणी आली तेव्हा तिला आपण पहिल्याने काय विचारले, ते आठवावे. मुलगा की मुलगी? मुंबईच्या स्त्री-संघटनांनी १९८० नंतरच्या दशकात आवाज उठविला आणि १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगतपासणीवर बंदी घालणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. पुढे १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, २००३ साली तो अधिक कडक झाला. तरी सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४! बीड जिल्ह्यात तर ८०७. ज्या यंत्राने जीव वाचवायचे त्याच्याकडून आपण हे काम करून घेतले. सुरीने भाजी चिरायची सोडून गळा चिरला, आणि मग सुरीवर परवाने बसविले म्हणून कुरकुर करू लागलो.

या पापाचा दंड कोणी भरला, तेही पाहा. सोनोग्राफीच्या खोलीत आज डॉक्टर तोंड मिटून बसतात. चुकून हसले तर घरचे म्हणणार मुलगा, गंभीर झाले तर म्हणणार मुलगी. माझ्या भाचीच्या घरीही परतल्यावर पहिली चर्चा हीच झाली होती, "डॉक्टर हसले का?" कायद्याने डॉक्टरांना मना केली आहे ती मुलगा-मुलगी सांगण्याची. रक्त नीट वाहत नाही, वाढ कमी आहे, अमुक दिवशी परत या, हे सांगायला कायद्याने कोणाची जीभ धरलेली नाही. पण एका शब्दाच्या भीतीने सगळीच खोली मुकी झाली, आणि त्या मुकेपणात आमचा २८ वा आठवडा बुडाला. डॉक्टरांना माझे हात जोडून सांगणे आहे की कागद इंग्रजीत लिहा हवा तर, पण शेवटी चार ओळी मराठीत लिहा: सारे ठीक आहे की नाही, नसेल तर काय, आणि पुन्हा केव्हा. पाठीमागे फुली मारून बाईच्या हाती द्या, नवऱ्याच्या नव्हे.

दुसरा दंड सातपुड्याने भरला. हातात धरून नेता येईल असे सोनोग्राफीचे यंत्र आज आहे. धडगाव-मोलगीच्या डोंगरातून झोळीत घालून उतरविलेल्या गर्भवतींची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहतो, हळहळतो आणि पान उलटतो. तिला झोळीत घालून यंत्राकडे आणण्याऐवजी यंत्र तिच्या पाड्यावर का जाऊ नये? कारण असे फिरते यंत्र कोणी पेढा-बर्फीच्या धंद्याला लावील, या रास्त भीतीने २०१२ च्या नियमांनी त्याच्या हालचालीला कुंपण घातले आहे. ठरावीक फिरत्या दवाखान्यांखेरीज ते हिंडू शकत नाही. मी कायदा मोडा म्हणत नाही, सैल करा असेही म्हणत नाही. पण हे मनाला लागल्याखेरीज राहत नाही, की ज्या पावरा-भिल्लांत लग्नात वराकडचा देज देतो, मुलीच्या बापाला हुंड्यासाठी जमीन विकावी लागत नाही, त्या बाईच्या दारचे यंत्र सपाटीवरच्या सुशिक्षितांच्या हावेने अडविले. पाप पाटलाचे आणि दंड सालदाराला, असा हा न्याय आहे. सरकारने कुंपण ठेवावे. पण कुंपणाच्या आतून, नोंदणी केलेल्या गाडीतून, शिकलेल्या डॉक्टरासह हे यंत्र डोंगरात ठरल्या दिवशी पोचवावे. नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालू शकतो, तर हे अशक्य नाही.

आता आपल्यातल्या वडीलधाऱ्यांची बाजू. "आमच्या आज्या शेतात बाळंत झाल्या, दुसऱ्या दिवशी कामाला लागल्या, कसला डॉप्लर अन् कसला फॉप्लर!" माझीही आजी अशीच होती. तिची अकरा बाळंतपणे झाली. हाती लागली पाच. उरलेल्या सहांची नावे ठेवलेली नव्हती, म्हणून ती आमच्या आठवणीत नाहीत. शेतात बाळंत होऊन जगलेल्या आज्यांची गोष्ट सांगायला नातवंडे उरली. ज्या जगल्या नाहीत त्यांची गोष्ट कोण सांगणार? जुन्या काळाच्या नावाने जो हिशेब मांडला जातो तो नेहमी असा जमेच्याच बाजूचा असतो.

दुसऱ्या टोकाला आमचे शहरी आप्त. त्यांना सगळेच हवे असते. दुकानावर 'कलर डॉप्लर' ही पाटी दिसली की सून धडधाकट असली तरी दर महिन्याला रंगीत चित्र काढतील, आणि न काढणाऱ्या डॉक्टराला मागासलेला म्हणतील. यालाच आमच्याकडे रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात. जगभरच्या चाचण्यांचे हिशेब मांडणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१७ साली जोखमीच्या गर्भारपणातील १९ चाचण्या एकत्र केल्या. १०,००० हून अधिक स्त्रिया होत्या. जेथे डॉप्लर वापरले तेथे जन्माच्या आगेमागे दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आलेले दिसले. दोनशे जोखमीच्या आयांमागे एक बाळ! ज्या घरचे ते असेल त्या घराला विचारावे, एक म्हणजे किती. पण त्याच संस्थेच्या २०१५ च्या हिशेबात, ज्यांना काहीच त्रास नाही अशा १४,००० हून अधिक स्त्रियांत नाळेचे डॉप्लर सरसकट करून काही लाभ दिसला नाही. शिवाय साध्या सोनोग्राफीपेक्षा डॉप्लरमध्ये ध्वनीची शक्ती अधिक वापरली जाते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत ते विनाकारण करू नये, असे या विषयातले जाणकारच सांगतात. म्हणजे एकीकडे ज्यांना नको त्यांच्यावर यंत्राची उधळण, आणि दुसरीकडे रक्तदाब चढलेली, जुळी असलेली, मधुमेहाची, आधीचे मूल पोटात गमावलेली, किंवा आमच्या जिल्ह्यात पुष्कळ आढळणाऱ्या सिकलसेलने पोखरलेली बाई, तिला ते मिळत नाही. श्रीमंताच्या अंगणात पाऊस आणि गरिबाच्या शेतात ऊन.

मग कोणाला डॉप्लर हवे, हे कसे ओळखायचे? येथे मात्र कळसाडीच्या माणसाला 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण आठवल्याखेरीज राहत नाही. त्या महान यंत्राचे दार उघडणारी किल्ली म्हणजे दंडाला बांधायचा रक्तदाबाचा पट्टा. तो उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंपाशी असतो. त्याबरोबर लघवीची तपासणी, पोटाच्या उंचीचे माप आणि मागच्या बाळंतपणाची चौकशी. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची डॉक्टरांकडून फुकट तपासणी होते. त्या भाग्यवान नऊ तारखेला आपण सुनेला काय सांगतो? "आज घरी पाहुणे आहेत, पुढल्या महिन्यात जा." भाचीचे पाय सुजलेले होते, अंगठी रुतलेली होती. पाय पुष्कळ गर्भारणींचे सुजतात आणि त्यात काही वावगे नसते, हे खरे. पण तोंडावर आणि बोटांवर सूज दिसली तर पट्टा बांधून पाहायला दोन मिनिटे लागतात. त्या दिवशी घरात चाळीस माणसे होती. झोपाळ्याला फुले बांधायला तीन तास लागले होते. दोन मिनिटांचा माणूस त्यांत एकही निघाला नाही.

आता उरलेली गोष्ट सांगून टाकतो, कारण दिवाळीच्या दिवशी वाचकाला अर्ध्या वाटेवर सोडणे बरे नाही.

२०१९ साली भाचीला पुन्हा दिवस गेले. या खेपेस ती तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसली. बाईंनी रोज रात्री घ्यायला ॲस्पिरिनची छोटी गोळी दिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जोखमीच्या स्त्रियांना अकराव्या ते चौदाव्या आठवड्यापासून ही गोळी दिली तेव्हा, बाळ लवकर बाहेर काढायला लावणारा हा रक्तदाबाचा विकार ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला होता. (ही गोळी कोणी माझ्या लेखावरून घेऊ नये, ती कोणाला द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.) सव्विसाव्या आठवड्यापासून ठरल्या दिवशी डॉप्लर होत गेले. कागद खुंटीला गेला नाही; प्रत्येक कागद मी शब्दकोश घेऊन वाचला, आणि जे कळले नाही ते वहीत लिहून बाईंना विचारले. माझ्या कोणत्याही कादंबरीची मुद्रिते मी इतक्या काळजीने तपासलेली नाहीत.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण करावे की नाही, यावर घरात दोन तट पडले. भाचीच म्हणाली, "करायचे." झोपाळा बांधला, फुले आली, गाणी झाली. ओटी भरण्याआधी तिने गावच्या सिस्टरबाईंना पाटावर बसविले आणि हात पुढे केला. पट्टा दंडाला बांधला गेला तशी खोली गप्प झाली. पाऱ्याकडे पाहावे तशा सगळ्या बायका सिस्टरबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, आणि मग सासूबाईंनीच विचारले, "किती?"

त्या एका 'किती'साठी मी हा लेख लिहिला आहे. तीन वर्षांपूर्वी त्याच बाईंनी "कोण?" विचारले होते.

वाट्या मांडल्याच नाहीत. पेढे आणि बर्फी एकाच ताटात आली, आणि भाचीने दोन्ही खाल्ले.

तेहतिसाव्या आठवड्यात नाळेतला ओघ मंदावल्याचे दिसले. बाईंनी तिला ठेवून घेतले, फुप्फुसांसाठी इंजेक्शने दिली, एक दिवसाआड यंत्र लावीत राहिल्या, आणि चौतिसाव्या आठवड्यात शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढले. सोळाशे ग्रॅम! आमच्या शाळेतल्या तराजूत दीड किलोच्या मापाने तोलले असते तर काटा किंचितच हलला असता. पंचवीस दिवस आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ते वाढले. पहिल्या रात्री ते इतक्या मोठ्याने रडले की दाराबाहेर बसलेल्या माझ्या बहिणीला हसू फुटले आणि मग ते थांबेचना. आज ते मूल शाळेत जाते, पाढे चुकते, आणि मामा-आजोबांच्या खिशातल्या गोळ्या न विचारता काढून घेते. नाक आमच्या घराण्याचे आहे.

परवा-तेरवा भाऊबीज आहे. भाऊराया, बहीण ओवाळील तेव्हा ताटात ओवाळणी टाकशीलच. ती गर्भार असेल तर आणखी एक कर. तिच्या पिशवीतला कागद मागून घे, खाली लिहिलेल्या ओळी वाच, आणि तिचा रक्तदाब शेवटी कधी मोजला आणि किती भरला ते विचार. उत्तर ठाऊक नसेल तर दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जा. लुगड्याचोळीपेक्षा ही ओवाळणी स्वस्त पडेल.

आणि वाचकहो, एक गोष्ट. ते पहिले बाळ मुलगा होते की मुलगी, आणि हे शाळेत जाणारे काय आहे, हे मी लेखभर कोठेच सांगितलेले नाही. आपल्या मनात तो प्रश्न आला असेल, तर माझे भांडण अजून मिटलेले नाही.